वेगवान प्रोग्रामसाठी कंपायलरचे पर्याय कसे निवडावेत

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम कोणताही पर्याय न देता जीसीसी या कंपायलरने कंपाइल केला, म्हणजे मशीनच्या सूचनांत बदलला, तर तो ‘-ओ०’ या पातळीवर तयार होतो. या पातळीवर वेग वाढवण्याचा जवळजवळ कोणताही प्रयत्न होत नाही. प्रत्येक चल मेमरीत ठेवला जातो, गरज पडेल तेव्हा तेथूनच पुन्हा वाचला जातो, आणि त्यामुळे डीबगर, म्हणजे चुका शोधण्यासाठी प्रोग्राम ओळीओळीने चालवणारे साधन, चालवताना प्रत्येक ओळ लिहिली तशीच दिसते. शिकण्यासाठी ही सोय उत्तम आहे. अडचण अशी की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील प्रकल्प करणारे अनेक विद्यार्थी आणि छोट्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणारे तरुण अभियंते शेवटपर्यंत याच पातळीवर राहतात, आणि प्रोग्राम संथ वाटू लागला की नवा लॅपटॉप घेण्याचा विचार करतात. पर्याय योग्य निवडले तर आकडेमोडीचा प्रोग्राम त्याच मशीनवर पुष्कळदा कित्येक पट वेगाने चालतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

पुढील विवेचनात तीन प्रोग्राम नजरेसमोर ठेवले आहेत. पहिला उद्यमबागेतील फाउंड्रीसाठी आहे: साच्यात सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला ओतलेले बीड कोणत्या भागात आधी आणि कोणत्या भागात उशिरा थंड होते, हे चौकटींच्या जाळ्यावर तो मोजतो. दुसरा खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी यांसारख्या भरपूर पावसाच्या ठिकाणांच्या नोंदींवरून सरासरी व कमाल पाऊस काढतो. तिसरा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील नोंदी वाचून प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचे वजन व बिल जुळवतो. तिन्ही प्रोग्राम एकाच भाषेत लिहिलेले असले, तरी तिघांना एकच पर्याय लागू पडत नाहीत, आणि ते का पडत नाहीत हे समजले की निवड बरीच सोपी होते.

कंपायलरला दिलेला वेगाचा जवळपास प्रत्येक पर्याय ही आपण त्याला दिलेली एक हमी असते. प्रोग्राम भाषेचे नियम मोडत नाही, तो अमुकच प्रकारच्या प्रोसेसरवर चालेल, आकड्यांत अमुक प्रकारच्या किमती कधीच येणार नाहीत, अशा त्या हम्या असतात. कंपायलर त्या तपासत बसत नाही. तो त्यांवर विसंबून काम कमी करतो. पतसंस्थेत एखाद्याच्या कर्जाला जामीन राहण्यापूर्वी आपण त्याचा व्यवहार पाहतो, त्याच सावधपणे प्रत्येक पर्याय देण्यापूर्वी ही हमी आपला प्रोग्राम खरोखर पाळतो का, हे पाहावे.

टंकण्याविषयी एक सूचना येथेच देतो. पर्यायांची नावे या लेखात उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत द्यावी लागतात. पातळी सांगणारे ‘ओ’ हे मोठे अक्षर आहे, शून्य नव्हे. लहान ओ टंकला तर कंपायलर त्यापुढचा मजकूर तयार होणाऱ्या फाइलचे नाव समजतो. म्हणजे लहान ओला चिकटून २ लिहिल्यास पातळी बदलत नाही, ‘२’ नावाची फाइल तयार होते, आणि कंपायलर तक्रारही करत नाही.

पर्याय बदलण्यापूर्वी मोजणी

आधी किती वेळ लागत होता हे नोंदवल्याशिवाय वेग वाढला असे म्हणता येत नाही. लिनक्सवर ‘टाइम’ ही आज्ञा एकदा चालवून मिळालेला आकडा पुरेसा नसतो, कारण तोच प्रोग्राम लागोपाठ चालवला तरी वेळ थोडा मागेपुढे होतो. ‘पर्फ स्टॅट -आर १०’ ही आज्ञा प्रोग्राम दहा वेळा चालवून सरासरी आणि चढउतार दोन्ही दाखवते. दोन पर्यायांतील फरक या चढउतारापेक्षा लहान असेल, तर तो फरक नाहीच असे समजावे.

मोजणी करताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. आपल्याकडे दुपारी मध्येच वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि अनेक मशीनवर प्रोसेसरची गती आपोआप उतरते. अशा वेळी घेतलेले आकडे टाकून द्यावेत, त्यांची सरासरीत भेसळ करू नये. पातळ लॅपटॉप काही मिनिटांच्या सलग कामानंतर तापतात आणि मंदावतात. म्हणून जुना पर्याय आधी दहा वेळा व नवा नंतर दहा वेळा असे न करता दोन्ही आलटून पालटून चालवणे अधिक न्याय्य ठरते. प्रोग्रामला निदान काही सेकंद लागतील एवढी माहिती द्यावी आणि अंतिम उत्तर पडद्यावर छापावे. उत्तर कुठेच वापरले जात नसेल तर ‘-ओ२’ पातळीवर कंपायलर सगळे लूपच काढून टाकू शकतो, आणि मग शून्याच्या जवळचा वेळ पाहून वेग प्रचंड वाढल्याचा भास होतो.

वेळ नेमका कुठे जातो, हेही पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी ‘-जी’ आणि ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ हे पर्याय जोडून प्रोग्राम तयार करावा आणि तो ‘पर्फ रेकॉर्ड’ व ‘पर्फ रिपोर्ट’ यांखाली चालवावा. ‘-जी’मुळे प्रोग्राम संथ होतो हा समज चुकीचा आहे, त्याने फाइल मोठी होते, सूचना त्याच राहतात. पावसाच्या प्रोग्रामचा बहुतेक वेळ मजकुराची फाइल वाचून आकड्यांत रूपांतर करण्यात जात असेल, तर सरासरी काढणारे लूप कितीही वेगवान केले तरी हाती फारसे लागत नाही.

पायाची पातळी

सुरुवात ‘-ओ२ -जी -वॉल -एक्स्ट्रा’ या जुळणीने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे; यातील शेवटचे दोन पर्याय संशयास्पद ओळींबद्दल इशारे देतात; दोन्ही मोठ्या ‘डब्ल्यू’ अक्षराने सुरू होतात आणि ‘एक्स्ट्रा’च्या आधीही ते अक्षर टंकावे लागते. लिनक्सचे कर्नेलही नेहमीच्या मांडणीत ‘-ओ२’वरच तयार होते. या पातळीवर चल रजिस्टरमध्ये ठेवले जातात, निरुपयोगी काम गाळले जाते, लहान फंक्शने हाक मारणाऱ्या जागीच उलगडली जातात, आणि कंपाइल होण्यास लागणारा वेळही आटोक्यात राहतो.

‘-ओ३’ हा त्यापुढचा टप्पा आहे. तो लूपांवर अधिक मेहनत घेतो, फंक्शनांच्या प्रती काढतो, शक्य तेथे एकात एक असलेल्या लूपांचा क्रमही बदलतो. आकडेमोडीच्या प्रोग्रामला त्याचा लाभ होतो. मात्र त्याने सूचनांचा आकार वाढतो आणि वजनकाट्याच्या प्रोग्रामसारख्या फाटेच, म्हणजे ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ अशा तपासण्याच, जास्त असलेल्या कामात कधी काहीच फरक पडत नाही, तर कधी किंचित तोटाही होतो. येथे जीसीसीची आवृत्ती पाहणे महत्त्वाचे आहे. एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर क्रिया करणारे व्हेक्टर रूप २०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ पासून ‘-ओ२’वरही मर्यादित प्रमाणात मिळते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते ‘-ओ३’ शिवाय आपोआप मिळत नसे. उबुंटू २२.०४ मध्ये मूळ कंपायलर जीसीसी ११ आहे आणि २४.०४ मध्ये जीसीसी १३. प्रयोगशाळेत जुने उबुंटू आणि घरी नवे असेल, तर तोच प्रोग्राम त्याच ‘-ओ२’वर दोन ठिकाणी वेगवेगळा वागण्याचे हे एक साधे कारण आहे.

‘-ओएस’ हा पर्याय फाइल लहान करण्यासाठी आणि ‘-ओजी’ डीबगिंगसाठी आहे. वेगासाठी दोन्हींकडे जाण्याचे कारण नाही.

सीमेक, म्हणजे कंपायलरला द्यायच्या आज्ञा आपोआप तयार करणारे साधन, वापरणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. ‘सीमेक_बिल्ड_टाइप’ रिकामा ठेवला तर जीसीसीला पातळीचा कोणताही पर्याय दिला जात नाही, म्हणजे आपण ‘-ओ०’वरच राहतो. ‘रिलीज’ दिल्यास ‘-ओ३’ मिळतो, ‘रेल-विथ-डेब-इन्फो’ दिल्यास ‘-ओ२ -जी’ मिळतो, आणि या दोन्हींत ‘एनडीबग’ची व्याख्या होऊन सर्व ‘असर्ट’, म्हणजे प्रोग्रामने स्वतःच करायच्या तपासण्या, बंद पडतात. असर्टच्या कंसात फाइल उघडण्यासारखे खरे काम लिहिले असेल, तर तेही नाहीसे होते.

‘-ओ०’वर बरोबर चालणारा प्रोग्राम ‘-ओ२’वर चुकीचे उत्तर देऊ लागला, की कंपायलरला दोष देण्याची घाई होते. जवळजवळ प्रत्येक वेळी प्रोग्रामनेच भाषेचा नियम मोडलेला असतो. उसाच्या बिलाची बेरीज पैशांत आणि साध्या ‘इंट’ चलात ठेवली, असे समजा. ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतची संख्या मावते, म्हणजे बेरीज सुमारे २ कोटी १४ लाख रुपयांच्या पुढे गेली की ती ओसंडते. हे ओळखण्यासाठी ‘बेरजेत धन संख्या मिळवल्यावर बेरीज आधीपेक्षा कमी झाली का’ अशी तपासणी लिहिली, तर ‘-ओ२’वर कंपायलर ती तपासणीच काढून टाकू शकतो, कारण चिन्हासहित पूर्णांक ओसंडणे भाषेच्या नियमाबाहेरचे आहे आणि ते घडणार नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. खरा उपाय बेरीज ‘लाँग लाँग’मध्ये ठेवणे हा आहे. जुना, मोठा प्रोग्राम लगेच दुरुस्त करणे शक्य नसेल तर ‘-एफरॅपव्ही’ देऊन ओसंडण्याला निश्चित अर्थ देता येतो. पण त्याने बेरीज बरोबर येत नाही, फक्त तपासणी जिवंत राहते. आरंभीची किंमत न दिलेले चल, ॲरेच्या कडेबाहेर जाणे, एका प्रकारच्या पॉइंटरने दुसऱ्या प्रकारची माहिती वाचणे, ही इतर नेहमीची कारणे आहेत. पातळी चढवण्यापूर्वी एकदा ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड’ या पर्यायाने प्रोग्राम तयार करून नेहमीच्या माहितीवर चालवावा; यांतील पुष्कळ चुका ओळीच्या क्रमांकासह पुढे येतात. वेगाच्या मोजणीत मात्र हा पर्याय कधीही ठेवू नये.

प्रोग्राम कोणत्या मशीनवर चालणार

पातळीनंतरचा मोठा लाभ ‘-मार्च=नेटिव्ह’ या पर्यायात आहे. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी मशीनसाठी जीसीसी नेहमी अगदी मूळच्या सूचनासंचावर थांबतो, म्हणजे एका सूचनेत दोनच डबल (८ बाइटांचे दशांश) आकडे हाताळतो. ज्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा व्हेक्टर सूचनासंच आहे तेथे एका सूचनेत चार डबल हाताळता येतात. ‘नेटिव्ह’ म्हणजे ज्या मशीनवर कंपाइल करत आहोत त्याच मशीनला जे जे येते ते सर्व वापर. येथे दिलेली हमी अशी, की प्रोग्राम याच मशीनवर किंवा याच्याइतक्याच सक्षम मशीनवर चालेल.

ही हमी आपल्या भागात फार सहज मोडते. प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर तयार होतो आणि चालतो तो उद्यमबागेतल्या कारखान्याच्या कोपऱ्यात अनेक वर्षे धूळ खात चालू असलेल्या संगणकावर. तेथे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढाच संदेश येऊन प्रोग्राम थांबतो. मशीनचे वय पाहून अंदाज बांधणेही धोक्याचे आहे, कारण एव्हीएक्स२ इंटेलच्या मुख्य प्रोसेसरांत २०१३ पासून असले, तरी त्यानंतरच्याही अनेक पेंटियम व सेलेरॉन प्रोसेसरांत ते नाही, आणि कार्यालयांसाठी घेतलेल्या स्वस्त मशीनमध्ये नेमके हेच प्रोसेसर असतात. प्रत्यक्ष त्या मशीनवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवून ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत एव्हीएक्स२ आणि एफएमए (गुणाकार व बेरीज एकत्र करणारी सूचना) ही नावे आहेत का, हे पाहावे.

प्रोग्राम अनेक मशीनवर द्यायचा असेल तर ‘नेटिव्ह’ऐवजी ठरवून दिलेली पायरी वापरावी. २०२० मध्ये निश्चित झालेल्या पायऱ्यांपैकी ‘एक्स८६-६४-व्ही२’ ही २००८-०९ नंतरच्या बहुतेक प्रोसेसरांना चालते, आणि ‘एक्स८६-६४-व्ही३’मध्ये एव्हीएक्स२ व एफएमए येतात. जीसीसी ११ आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १२व्या आवृत्तीपासून या पायऱ्या थेट देता येतात. दोन्ही साधायचे असेल, म्हणजे नव्या मशीनवर वेग हवा आणि जुन्यावर निदान प्रोग्राम चालायला हवा, तर ज्या एकदोन फंक्शनांत खरा वेळ जातो त्यांवर ‘टार्गेट_क्लोन्स’ हे विशेषण लावावे. कंपायलर त्या फंक्शनाच्या दोन प्रती काढतो आणि प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर पाहून योग्य ती निवडली जाते. कारखान्याला द्यायच्या प्रोग्रामसाठी मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

‘-मार्च’मुळे उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात, ही गोष्ट पुष्कळांना चकित करते. एफएमए सूचनेत गुणाकार आणि बेरीज एकत्र होऊन पूर्णांकन एकदाच होते. सुट्या सूचनांत ते दोनदा होते. जीसीसीच्या नेहमीच्या मांडणीत, म्हणजे भाषेचा काटेकोर मानक-पर्याय दिलेला नसताना, प्रोसेसरला एफएमए येत असेल तर कंपायलर ती आपणहून वापरतो. एकदाच पूर्णांकन झालेले उत्तर बहुधा अधिक अचूक असते, पण दोन मशीनवरचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळायलाच हवेत अशी अट असेल तर ‘-एफएफपी-काँट्रॅक्ट=ऑफ’ द्यावा.

आकड्यांविषयीची हमी

‘-एफफास्ट-मॅथ’ या नावातील वेगाला भुलून तो सरसकट लावला जातो. ‘-ओफास्ट’मध्येही तो आत दडलेला असतो, क्लँग १९ पासून ‘-ओफास्ट’ टाळण्याची सूचना कंपायलरच देऊ लागला आहे. या एका पर्यायात अनेक वेगवेगळ्या हम्या एकत्र बांधलेल्या आहेत: दशांश आकड्यांच्या बेरजेचा क्रम बदलला तरी चालेल, ऋण शून्य आणि धन शून्य यांत भेद नाही, गणिती फंक्शनांनी चूक घडल्याचे चिन्ह ठेवण्याची गरज नाही, आणि आकड्यांत अनंत किंवा ‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेली किंमत, कधीही येणार नाही.

शेवटची हमी पावसाच्या प्रोग्रामसाठी सरळ खोटी आहे. जुलैच्या मुसळधारेत एखाद्या दिवशी पर्जन्यमापकाची नोंद राहून जाते, आणि अशा जागी नॅन ठेवण्याची पद्धत रूढ आहे. प्रोग्रामात ‘ही किंमत नॅन असेल तर वगळ’ अशी तपासणी काळजीपूर्वक लिहिलेली असते. ‘-एफफास्ट-मॅथ’ दिला की कंपायलरच्या दृष्टीने नॅन अस्तित्वातच नाही; ‘इझनॅन’चे उत्तर तो कायम ‘नाही’ असे धरतो आणि तपासणी गाळतो. आकडा स्वतःशीच समान आहे का असे विचारण्याची जुनी युक्तीही त्याच कारणाने निकामी होते. सरासरीत एक नॅन मिसळला तर संपूर्ण महिन्याची सरासरी नॅन होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. कमाल पाऊस काढणाऱ्या लूपमध्ये मात्र ती दिसतही नाही. तुलनेची सूचना नॅन समोर आल्यावर कोणता आकडा पुढे नेईल याची खात्री उरत नाही, तोवरची खरी कमाल हरवू शकते, आणि उत्तर म्हणून एक पूर्णपणे विश्वसनीय दिसणारा पण चुकीचा आकडा छापला जातो. त्या आकड्यावरून मलप्रभेच्या वरच्या खोऱ्यातील पुराचा अंदाज कोणी बांधणार असेल, तर वाचलेल्या दोन सेकंदांना काय किंमत आहे, हे प्रत्येकाने स्वतःच ठरवावे.

तरीही या पर्यायामागची एक गरज खरी आहे. दशांश आकड्यांची बेरीज ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमानेच करणे भाषेच्या नियमानुसार बंधनकारक असल्यामुळे, लाखो आकड्यांची साधी बेरीज करणारे लूप ‘-ओ३’वरही व्हेक्टर रूप घेत नाही, कारण चार-चार आकड्यांचे गट करून बेरीज केल्यास क्रम बदलतो आणि शेवटचे अंक हलू शकतात. ही एवढीच मोकळीक हवी असेल तर ती एवढ्याच लूपला द्यावी. लूपच्या वर ‘प्रॅग्मा ओएमपी सिम्ड रिडक्शन’ ही ओळ बेरजेच्या चलाच्या नावासह लिहावी आणि कंपाइल करताना ‘-एफओपनएमपी-सिम्ड’ द्यावा. नॅनची तपासणी शाबूत राहते, इतर फंक्शनांतील गणित जसेच्या तसे राहते, आणि वेग जेथे हवा तेथे मिळतो. गणिती फंक्शने वारंवार वापरणाऱ्या प्रोग्रामला ‘-एफनो-मॅथ-एर्नो’ हा सुटा पर्यायही उपयोगी पडतो. चूक घडल्याचे ते चिन्ह आपण कुठेच वाचत नसू तर त्याने नुकसान नाही. संपूर्ण ‘-एफफास्ट-मॅथ’ मी फक्त अशा फाइलला देईन, जिच्यातील प्रत्येक आकडा आत येण्यापूर्वी तपासलेला आहे, आणि तोही संपूर्ण प्रोग्रामला नव्हे, त्या एका फाइललाच.

पर्याय जेथे थांबतात

फाउंड्रीच्या प्रोग्रामकडे वळू. २,००० गुणिले २,००० चौकटींचे जाळे घेतले तर चाळीस लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचे तापमान ८ बाइटांच्या डबलमध्ये ठेवल्यास एक जाळे ३.२ कोटी बाइटांचे, म्हणजे सुमारे ३२ एमबीचे होते. जुने तापमान व नवे तापमान अशी दोन जाळी लागतात. साध्या लॅपटॉपच्या कॅशेत, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या वेगवान मेमरीत, ती मावत नाहीत. काळाच्या प्रत्येक पावलाला जुने जाळे वाचणे, नव्या जाळ्याच्या जागा कॅशेत आणणे आणि त्या परत लिहिणे, असे सुमारे ९६ एमबी मेमरीतून ये-जा करतात. मेमरीची एकच डीडीआर४-३२०० पट्टी असलेल्या मशीनमध्ये ही वाहतूक कागदोपत्रीसुद्धा सेकंदाला २५.६ जीबीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणजे एका पावलाला ३.७५ मिलिसेकंद आणि हजार पावलांना ३.७५ सेकंद ही जवळपास खालची मर्यादा झाली. आपला प्रोग्राम हजार पावलांना चार-साडेचार सेकंद घेत असेल, तर पर्यायांची कितीही जुळवाजुळव केली तरी त्यातून आणखी वेग निघणार नाही. मशीनमध्ये मेमरीची दुसरी पट्टी बसवणे, तापमान ४ बाइटांच्या ‘फ्लोट’मध्ये ठेवणे, किंवा जाळ्याचे लहान तुकडे करून एका तुकड्यावर अनेक पावले उरकणे, हे खरे उपाय आहेत.

हा हिशेब आधी करावा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण पर्यायांच्या शोधात दिवस घालवणाऱ्याला तो दहा मिनिटांत थांबवतो. उलट हजार पावलांना चाळीस सेकंद लागत असतील, तर लूपांचा क्रम पाहावा. सी भाषेत एका आडव्या ओळीतील घटक मेमरीत शेजारी शेजारी असतात. आतल्या लूपमध्ये ओळीचा क्रमांक बदलत असेल तर प्रत्येक पुढचा घटक १६,००० बाइट दूर पडतो, आणि ६४ बाइटांचा आणलेला कॅशेचा तुकडा फक्त ८ बाइटांसाठी वापरून सोडला जातो. ‘-ओ३’ काही वेळा हा क्रम स्वतः सुधारतो, पण त्यावर विसंबण्यापेक्षा लूप योग्य क्रमाने लिहिणे केव्हाही चांगले.

लूप व्हेक्टर झाले की नाही, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. जीसीसीला ‘-एफऑप्ट-इन्फो-व्हेक’ दिल्यास झालेली लूपे ओळीच्या क्रमांकासह कळतात, आणि त्याच नावापुढे ‘-मिस्ड’ जोडल्यास न झालेल्यांची कारणे कळतात. क्लँगमध्ये ‘-आरपास=लूप-व्हेक्टराइझ’ हेच काम करतो. दोन पॉइंटर एकाच जागेवर आच्छादू शकतात, हे एक नेहमीचे कारण असते; जुने व नवे जाळे वेगळेच आहे हे आपल्याला ठाऊक असल्यास फंक्शनाच्या पॉइंटरांना ‘रिस्ट्रिक्ट’ लावावा. ज्यांच्या फेऱ्यांची संख्या लूप सुरू होण्यापूर्वी ठरवता येते अशी लूपे उलगडणाऱ्या ‘-एफअनरोल-लूप्स’चा लाभ मोजणीत दिसला तरच तो ठेवावा.

वजनकाट्याच्या नोंदी आणि सवयीची माहिती

तिसऱ्या प्रोग्राममध्ये आकडेमोड थोडी आणि फाटे पुष्कळ. नोंद रिकामी आहे का, वाहन ट्रक आहे की बैलगाडी, शेतकऱ्याचा क्रमांक आधी आला आहे का, अशा तपासण्यांतच वेळ जातो. येथे व्हेक्टर सूचनांचा उपयोग नसतो, पण प्रोग्रामच्या प्रत्यक्ष चालण्याची माहिती कंपायलरला पुरवण्याचा मार्ग फार फलदायी ठरतो. आधी ‘-एफप्रोफाइल-जनरेट’ देऊन प्रोग्राम तयार करावा आणि खऱ्या माहितीवर चालवावा. प्रोग्राम नीट संपला की ‘.जीसीडीए’ शेपटीच्या फाइली तयार होतात. तो मध्येच कंट्रोल-सीने तोडल्यास त्या लिहिल्या जात नाहीत. मग बाकी सर्व पर्याय तेच ठेवून, त्याच फोल्डरमध्ये, ‘-एफप्रोफाइल-यूज’ देऊन पुन्हा तयार करावा. कंपायलर नेहमीची वाट सरळ ठेवतो, क्वचितची वाट बाजूला काढतो, आणि कोणती फंक्शने उलगडायची हे अंदाजाऐवजी मोजणीवरून ठरवतो. क्लँगमध्ये मधल्या टप्प्यावर ‘एलएलव्हीएम-प्रॉफडेटा मर्ज’ चालवावे लागते. पायथॉनचा मूळ इंटरप्रिटर ‘एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ देऊन तयार करताना हाच मार्ग वापरला जातो.

येथील हमी अशी, की पुढेही प्रोग्राम अशाच माहितीवर चालेल. म्हणून चाचणीसाठी हाताने लिहिलेल्या दहा ओळी देऊ नयेत. गळीत हंगाम ऐन भरात असतानाच्या काही दिवसांच्या नोंदी द्याव्यात, ज्यांत चुकीच्या आणि अर्धवट नोंदीही त्यांच्या नेहमीच्या प्रमाणात असतील. नोंदींचे स्वरूप किंवा प्रोग्राम बराच बदलला की ही माहिती नव्याने गोळा करावी.

प्रोग्राम अनेक फाइलींत विभागलेला असेल तर ‘-एफएलटीओ’ सोबत द्यावा, म्हणजे एका फाइलीतले लहान फंक्शन दुसऱ्या फाइलीत उलगडता येते. हा पर्याय आणि पातळीचा पर्याय, दोन्ही कंपाइल करताना आणि लिंक करतानाही, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्राम करतानाही, द्यावे लागतात. लिंकच्या ओळीत ते विसरणे ही नेहमीची चूक आहे. जीसीसी १० पासून ‘-एफएलटीओ=ऑटो’ दिल्यास लिंक करताना सर्व कोअर वापरले जातात. ४ जीबी मेमरीच्या मशीनवर मोठा प्रोग्राम असा जोडताना मेमरी अपुरी पडू शकते, तेव्हा ते काम मोठ्या मशीनवर करावे.

निवड झाल्यावर ती मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम तयार करण्याच्या आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलीत, लिहावी, टर्मिनलच्या इतिहासावर सोडू नये. पातळीचे दोन पर्याय एकाच ओळीत आले तर जीसीसी शेवटचा मानतो, म्हणून जुन्या मेकफाइलच्या शेवटी कुठे ‘-ओ०’ राहिला आहे का, हे पाहावे. ‘-एफरेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस’ हा पर्यायही जोडावा. त्याने वापरलेले सर्व पर्याय तयार झालेल्या फाइलीतच साठवले जातात आणि नंतर ‘रीडएल्फ -पी’ या आज्ञेने ‘.जीसीसी.कमांड.लाइन’ हा विभाग उघडून वाचता येतात. कारखान्यात प्रोग्राम बसवून दोन वर्षांनी तेथील कोणी वेगळ्या उत्तराची तक्रार घेऊन आला, तर तो प्रोग्राम कोणत्या कंपायलरने, कोणत्या मशीनसाठी, आकड्यांविषयी कोणती मोकळीक देऊन तयार केला होता, हे त्या फाइलीवरूनच कळते.